वांग्याची आठ झाडं

वेड पांघरून जायचं ते पेडगाव भीमेच्या काठचं, श्रीगोंदा तालुक्यातलं. इथं ज्या पेडगावबद्दल बोलायचं आहे ते परभणी तालुक्यातलं, परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. हा सगळा मुलूख कापूस, सोयाबीन, तूर आणि रब्बी ज्वारीचा. जमीन काळी, भारी, कसदार. तरीही अशा गावांतल्या बऱ्याच घरांत वांगी बाजारातून येतात, आणि बाजारातल्या वांग्यावर किती औषधं मारलेली असतात हे पिकवणाराच जाणतो. घरामागं चार पावलं जागा असेल तर यातून सुटका आहे. चार माणसांच्या घराला वांग्याची आठ झाडं पुरतात. एका झाडाला हंगामभरात दोन-अडीच किलो माल धरला, तरी तीन-चार महिने आठवड्याला किलोभर वांगी घरात येतात. आठच झाडं असण्याचा आणखी एक मोठा फायदा आहे. तो अळीच्या वेळी कळतो.

आधी जमिनीचं बघू. काळ्या मातीत ओलावा भरपूर राहतो, वांग्याला तो हवाही असतो. पण हीच माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. मुळाशी पाणी तुंबलं की झाड पिवळं पडतं, मर लागते. म्हणून सपाट जागेत वांगं लावूच नये. वीतभर उंच वरंबा करावा, त्यात चांगलं कुजलेलं शेणखत सढळ हातानं मिसळावं. शेणखत इथं दुहेरी काम करतं: झाडाला खाऊ घालतं आणि चिकट माती भुसभुशीत करतं. कच्चं शेण मात्र घालू नये, त्यानं हुमणी आणि वाळवी ओढून आणली जाते. शिवाय गेल्या वर्षी ज्या जागी टोमॅटो, मिरची, बटाटा किंवा वांगंच होतं ती जागा टाळावी. ही सगळी एकाच कुळातली पिकं. एकाचे रोग मातीत राहून दुसऱ्याला धरतात.

वांगं खरं तर वर्षाच्या तिन्ही हंगामांत घेतात. पण परसबागेसाठी मी थंडीचा माल धरून चालायला सांगेन. थंडीत अळीचा जोर कमी असतो, फळाला चव असते आणि सणही तेव्हाच येतात. ज्यांचं कुलदैवत खंडोबा, त्यांच्या घरी चातुर्मासात वांगं वर्ज्य असतं आणि मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा ताटात येतं. चंपाषष्ठी नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरात कधीतरी येते. तेव्हा घरचं वांगं हवं असेल तर उलटा हिशोब करावा. लावणीपासून पहिली तोडणी यायला साधारण अडीच महिने लागतात, त्याआधी रोप तयार व्हायला पाच-सहा आठवडे. म्हणजे बी ऑगस्टच्या सुरुवातीला पडायला हवं.

वाण कोणता? भरल्या वांग्यासाठी मांजरी गोटा लावावा: गोल, जांभळट, अंगावर पांढरे पट्टे, देठाला काटे. काट्यांना घाबरू नये; तोडताना हाताला फडकं गुंडाळलं की झालं. घरच्या बागेत संकरित बियाण्याची गरज नाही, कारण त्याचं बी पुढच्या वर्षी धरता येत नाही. परभणीतच १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आहे, आताचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. बियाणं आणि सल्ला यासाठी ही जवळची जागा आहे, तिचा उपयोग करून घ्यावा.

एक ग्रॅम बियाण्यात दोनशेच्या आसपास बिया असतात, त्यामुळे आठ झाडांसाठी चिमूटभर बी पुष्कळ. जुन्या टोपल्यात किंवा तळाला भोकं पाडलेल्या डब्यात माती आणि शेणखत निम्मं-निम्मं भरावं, बी अर्धं बोट खोल, ओळीत टाकावं. फार दाट पडलं तर रोपं उंच आणि लुळी होतात, बुडाशी कुजून कोलमडतात. वर सोयाबीनच्या भुसकटाचा पातळ थर द्यावा आणि झारीनं पाणी घालावं. कोंब वर येताच भुसकट काढून टाकावं. लावणीआधी आठवडाभर पाणी कमी करावं. त्यानं रोप काटक होतं. पाच-सहा पानांचं, वीतभर उंचीचं, जाड बुडख्याचं रोप लावायला घ्यावं. लावणी नेहमी उन्हं उतरल्यावर करावी. भारी जमिनीत दोन झाडांमध्ये ९० सेंटीमीटर, म्हणजे तीन फूट अंतर लागतं. कोवळ्या रोपाकडे बघून हे अंतर फार वाटतं आणि माणूस मोहानं मधे आणखी चार रोपं कोंबतो. दोन महिन्यांनी तिथं हात घालायला वाट राहत नाही, आणि वांग्याच्या झाडात हात घालता आलाच पाहिजे.

झाड मांडीएवढं झालं की जांभळी फुलं येऊ लागतात. इथं जरा थांबून फूल नीट बघावं. मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असतो आणि त्यातून हिरवट टोक बाहेर डोकावतं. ते स्त्रीकेसराचं टोक. काही फुलांत हे टोक पुंकेसरांच्या बाहेर ठळक येतं, काहींत ते आतच आखूड राहतं. बाहेर आलेल्या फुलाला फळ धरतं. आखूड राहिलेलं फूल बहुतेक वेळा गळून जातं. म्हणजे थोडी फुलं गळणं हा झाडाचा स्वभावच आहे, लगेच औषधाची बाटली शोधायची गरज नाही. दुसरी गंमत परागांची. वांग्याचे पुंकेसर उभे फाटत नाहीत, त्यांच्या टोकाला बारीक छिद्रं असतात आणि पराग त्यातून झडावे लागतात. काळा भुंगा फुलाला धरून अंग थरथरवतो आणि पराग भसकन खाली येतात. वाऱ्यानं फूल हललं तरी काही काम होतं, कारण वांगं स्वतःच्या परागावरही फळ धरतं. परसाला चारी बाजूंनी भिंत असेल आणि भुंगे फिरकत नसतील, तर सकाळी फुलांच्या फांदीला हलकी टिचकी मारत जावं. तेवढ्यानं फरक दिसतो. परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात मात्र टिचकीचा उपयोग नाही. तापमान चाळिशी ओलांडलं की फुलं टिकत नाहीत.

आता अळी. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी ही वांग्याची सगळ्यात मोठी शत्रू. तिचा पतंग लहान, पांढरा, पंखांवर तपकिरी डाग असलेला. तो रात्री पानांच्या मागं एकेक अंडं घालतो. अंड्यातून निघालेली अळी तासाभरात जवळच्या कोवळ्या शेंड्यात शिरते. मग काय दिसतं? सगळं झाड टवटवीत आणि एकच शेंडा मान टाकलेला. पाणी कमी पडलं असतं तर सगळंच झाड कोमेजलं असतं. असा एक शेंडा खुडून नखानं उभा चिरून बघावा: आत काळपट विष्ठेनं भरलेला बोगदा आणि त्याच्या टोकाला गुलाबीसर पांढरी अळी. ती तिथं दोन-तीन आठवडे खाते, मग बाहेर पडून खाली वाळक्या पाचोळ्यात कोष करते आणि पुढची पिढी सुरू होते. फळं धरली की तीच अळी देठाच्या टोपीखालून फळात घुसते. आत शिरतानाचं भोक इतकं बारीक असतं की ते भरून येतं. आपल्याला वांग्यावर जे भोक दिसतं ते बहुधा अळी बाहेर पडल्याचं असतं. म्हणून भोक नसलेलं वांगं निर्धोक असं समजू नये, चिरूनच बघावं.

एकदा शेंड्यात किंवा फळात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. म्हणूनच शेतात फवारण्यांवर फवारण्या होतात. याच अळीसाठी आपल्या शेजारच्या जालन्यातल्या महिको कंपनीनं बीटी वांगं तयार केलं होतं. ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारनं त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून शेतकरी ते लावतात. त्या वादात शिरायचं इथं कारण नाही. आठ झाडांच्या मालकाकडे त्याहून सोपं हत्यार आहे: त्याचे डोळे आणि नखं. आठवड्यातून दोनदा झाडांमधून फिरायचं, मान टाकलेला प्रत्येक शेंडा अळीच्या खाली दोन बोटं खुडायचा, पोखरलेलं फळ काढायचं आणि हे सगळं साबणाच्या पाण्यात बुडवायचं किंवा जाळायचं. उकिरड्यावर फेकायचं नाही, तिथं अळीचा पतंग होतो. एकरभर रानात हे करायला मजूर लागतील. आठ झाडांना पाच मिनिटं लागतात. खुडलेल्या शेंड्याखाली नवे फुटवे येतात, त्यामुळे झाडाचं नुकसानही होत नाही.

तुडतुडे आणि पांढरी माशी यांच्यासाठी निंबोळी अर्क पुरेसा आहे. मराठवाड्यात पावसाळ्याच्या तोंडाला कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो, तेव्हाच गोळा करून सावलीत वाळवाव्यात. पन्नास ग्रॅम भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवावी, सकाळी फडक्यानं गाळून, चिमूटभर साबण मिसळून तो अर्क पानांच्या खालून फवारावा. कपाशीसाठी आणलेल्या औषधाची उरलेली बाटली परसात कधीही आणू नये. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला देशात बंदी आहे, आणि बंदी नसती तरी जे वांगं परवा पोरांच्या ताटात जायचं आहे त्यावर विष मारणं मला पटत नाही. एखाद्या झाडाची पानं अगदी बारीक होऊन झुपका झाला, फुलं येईनाशी झाली, तर तो बोकड्या. त्याला औषध नाही. तुडतुडे तो शेजारच्या झाडावर नेण्याआधी झाड उपटावं.

तोडणीचं गणित साल सांगते. सालीवर चमक आहे, अंगठ्यानं दाबलं तर खड्डा पडून परत भरून येतो, तेव्हा वांगं तोडायचं. चमक उतरली की बी निबर होऊ लागतं आणि गर कडवट. दर चार-पाच दिवसांनी तोडणी करावी, सकाळी, आणि ओढून नव्हे तर कात्रीनं देठासकट. माल झाडावर साठवून ठेवला तर नवीन फूल कमी होतं. तोडलेलं वांगं फ्रीजमध्येही फार ठेवू नये. फार थंडीत त्याची साल खड्डे पडून काळवंडते. सावलीत, ओल्या फडक्याखाली दोन-तीन दिवस ते छान राहतं.

भरल्या वांग्याला लिंबाहून थोडी मोठी, कोवळी वांगी घ्यावीत, अर्धा किलोत आठ-दहा बसतात. देठ ठेवून खालून चार चिरा द्याव्यात आणि लगेच मिठाच्या पाण्यात टाकावीत, नाहीतर हवा लागून गर काळा पडतो. मसाल्याला वाटीभर भाजलेल्या दाण्यांचं कूट, दोन चमचे भाजलेले तीळ, चमचाभर कारळ, सुकं खोबरं, ठेचलेला लसूण, काळा मसाला, मीठ, चिंचेचा कोळ आणि हवा तर गुळाचा खडा. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, त्यात हवा भरलेली असते. त्यामुळे थेट तेलात परतलं तर ते सगळं तेल पिऊन टाकतं. म्हणून फोडणीत वांगी अलगद ठेवून वर ताट झाकावं आणि ताटात पाणी ओतावं. वाफेनं गर बसतो, मसाला करपत नाही, तेलही थोडक्यात भागतं. मग ताटातलंच गरम पाणी रश्श्याला घालावं. रस्सा दाट हवा असेल तर मराठवाड्याचं येसर आहेच, चमचाभर पुरतं. सोबत ज्वारीची भाकरी. इथल्या ज्वारीची भाकरी असताना पोळीचा विचार मनात येऊ नये.

भरितासाठी वांगं झाडावर चार दिवस जास्त राहू द्यावं, पण चमक जाऊ देऊ नये. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच्याएवढा गर मांजरी गोट्याला नाही हे खरं. पण तुराट्यांच्या जाळावर भाजलं तर घरचं वांगंही मागं पडत नाही. सालीला तेलाचा हात लावावा, दोन-तीन ठिकाणी टोचावं, नाहीतर वाफेनं फुटतं. साल पूर्ण काळी होऊन देठाजवळही सुरी सहज जाईपर्यंत फिरवत राहावं. साल हातानं सोलावी, पाण्याखाली धुऊ नये. धुराचा सगळा वास पाण्याबरोबर जातो. हिरवी मिरची आणि लसूण ठेचून तेलात परतावा, त्यात शेंगदाणे, मग गर, आणि उतरवल्यावर कांद्याची पात न शिजवता कुरकुरीतच घालावी. जानेवारीत भोगीच्या मिसळ भाजीत हरभरा, पावटा, गाजराबरोबर याच झाडांची शेवटची चांगली वांगी जातात.

फेब्रुवारीअखेर झाड दमतं. त्याआधी सगळ्यात निरोगी झाडावर एक फळ तसंच राखावं, पूर्ण पिवळं पडून मऊ होईपर्यंत. ते पाण्यात कुस्करलं की भरीव बी तळाशी बसतं, पोकळ वर तरंगतं. तळाचं बी सावलीत वाळवून, राखेत घोळून, कोरड्या डब्यात ठेवावं. तीन वर्षं उगवतं. झाडं उपटल्यावर परसात रचून ठेवू नयेत, वाळक्या पानांत कोष असतात. ती जाळावीत, खालचा पाचोळाही गोळा करून जाळावा, आणि त्या वरंब्यावर पुढच्या पावसाळ्यात गवार किंवा मेथी टाकून वांगी दुसऱ्या कोपऱ्यात न्यावीत.