राजा भोज : आख्यायिका आणि इतिहास



माळव्यातील मराठी मुलाला राजा भोज प्रथम भेटतो तो म्हणीत. ‘कुठे राजा भोज नि कुठे गंगू तेली’ हे त्याच्या कानी पडते. पुढे कोणी तरी त्याला सांगतो, की हा तेली नव्हेच; भोजाने जिंकलेले कलचुरी गांगेय आणि चालुक्य तैलप यांचीच ती नावे. उपपत्ती आकर्षक आहे. परंतु मला ती मान्य करता येत नाही. गांगेयदेव भोजाचा समकालीन खरा; पण तैलपाचे निधन इ. स. ९९७ च्या सुमारास झाले, आणि भोजाचा सर्वांत जुना उपलब्ध ताम्रपट, मोडासा येथील, इ. स. १०१० च्या सुमाराचा आहे. मध्यंतरी भोजाचा पिता सिंधुराज राज्य करीत होता. शिवाय राजा आणि सामान्य माणूस यांतील अंतर हाच त्या म्हणीचा प्राण आहे. तेल्याच्या जागी राजे बसविले की म्हणीचा अर्थच हरपतो.

दुसरी आख्यायिका चुलत्याची. मुंजाने बाल भोजाच्या वधाची आज्ञा दिली आणि भोजाने धाडलेला श्लोक वाचून तो पश्चात्तापाने विरघळला, असे मेरुतुंगाचा ‘प्रबंधचिंतामणी’ सांगतो. हा ग्रंथ चौदाव्या शतकारंभीचा. मुंजानंतर गादीवर आला तो सिंधुराज. त्याच्याच कारकीर्दीत पद्मगुप्ताने त्याच्यावर ‘नवसाहसांकचरित’ रचले. तिसरी आख्यायिका बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’तली. तेथे कालिदास भोजाच्या सभेत बसतो. पण कालिदासाचे नाव ऐहोळेच्या इ. स. ६३४ च्या शिलालेखातच आलेले आहे.

मग शिलालेख तेवढे निखळ सत्य मानावेत काय? तेथेही सावध असावे. विदिशेजवळील उदयपूरच्या प्रशस्तीत भोज कैलासापासून मलयापर्यंतच्या पृथ्वीचा स्वामी आहे; उलट चालुक्यांकडील साधने सोमेश्वराने धारानगरी लुटल्याचे सांगतात.

एवढे वजा करूनही भोज लहान होत नाही. छत्तीस प्रकाशांचा ‘शृंगारप्रकाश’ आणि वास्तुविद्येवरील ‘समरांगणसूत्रधार’ त्याच्या नावावर आहेत. भोजपूरचे अपुरे शिवमंदिर उभे आहे, आणि जवळच्या खडकांवर शिल्पकारांनी कोरलेले आराखडे आजही दिसतात.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आख्यायिका इतिहास म्हणून शिकविली, तर ज्या दिवशी मुलाला सनावळी कळते, त्या दिवशी तो खऱ्या भोजावरही अविश्वास धरतो. किंवा त्याहून वाईट म्हणजे सनावळीवरच रागावतो. धारच्या भोजशाळेचा वाद न्यायालयात गेलेला आपण पाहिला. अशा प्रश्नांत उद्या मत देणारे नागरिक आज आपल्या वर्गांत बसले आहेत.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे : भाषेच्या तासाला ‘भोजप्रबंधा’तील गोष्टी रंगवून सांगा, त्यांत रस आहे, विनोद आहे. इतिहासाच्या तासाला मात्र प्रत्येक गोष्टीपुढे दोनच प्रश्न ठेवा : हे कोणी लिहिले, आणि केव्हा?