खेळाडूचा गुडघा : अस्थिशल्यतज्ज्ञाची दृष्टी आणि वैद्याचे कर्तव्य

११ जुलै २०२५ रोजी मोनॅको येथील डायमंड लीग स्पर्धेत बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला आणि त्याला शर्यत अर्धवट सोडावी लागली. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ च्या हांगचौ आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ मध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करणाऱ्या या खेळाडूच्या गुडघ्यातील अँटिरियर क्रुशिएट लिगामेंट (एसीएल) आणि मेनिस्कस या दोन्ही रचनांना इजा झाल्याचे तपासणीत आढळले. शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली.

अशा नामवंत खेळाडूभोवती शल्यतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक सज्ज असतात. आपल्या मालवण, वेंगुर्ले, देवगड परिसरातील कबड्डीच्या मैदानावर चढाई करताना घोटा पकडला जाऊन गुडघा पिळवटलेला तरुण मात्र प्रथम वैद्याकडे किंवा औषधालयाच्या दारात येतो. "पाय मुरगळला आहे, काहीतरी चोळायला द्या," एवढीच त्याची मागणी असते. म्हणूनच अस्थिशल्यतज्ज्ञ अशा पायाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे आपण समजून घेणे आवश्यक आहे. ही दृष्टी सुश्रुताचार्यांच्या परंपरेला मुळीच परकी नाही.

पहिले काही तास

गंभीर पाय पाहताना शल्यतज्ज्ञ हाडाआधी रक्ताभिसरण पाहतो. पावलाच्या पृष्ठभागावरील नाडी लागते का, पाऊल गार किंवा फिकट आहे का, बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, हे त्याचे पहिले प्रश्न होत. गुडघ्याचा सांधा पूर्ण निखळल्यास त्यामागील मुख्य धमनी दुखावू शकते. अशा वेळी सहा ते आठ तासांत रक्तपुरवठा पूर्ववत झाला नाही, तर पाय गमावण्याची वेळ येते.

दुसरा धोका कंपार्टमेंट सिंड्रोमचा. पोटरीच्या स्नायूंभोवतीचे आवरण ताणले जात नाही. आत रक्तस्राव वा सूज वाढली की दाब वाढतो आणि स्नायू मृत होऊ लागतात. इजेच्या मानाने अतिशय तीव्र वेदना आणि दुसऱ्याने बोटे ताणली असता असह्य कळ, ही त्याची आरंभीची लक्षणे होत. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ती बऱ्याच उशिरापर्यंत लागू शकते. सुश्रुताचार्यांनी भग्नचिकित्सेत सैल बंधाने सांधा स्थिर राहत नाही आणि अतिघट्ट बंधाने शोथ, वेदना व पाक होतो, असे सांगून मध्यम बंधाची प्रशंसा केली आहे. ताज्या इजेवर करकचून पट्टा बांधणाऱ्याने हा उपदेश विसरता कामा नये.

एसीएल तुटल्याची कथा बहुधा ठरावीक असते. पाऊल जमिनीवर रोवलेले, शरीर वळलेले, आत "कट्" असा आवाज, खेळ थांबलेला आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजलेला. ही सूज बहुतेक वेळा सांध्यातील रक्तस्रावाची असते. तिच्यावर जोरदार मर्दन किंवा उष्ण स्वेदन करणे अपायकारक आहे. टाचेमागील जाड स्नायुबंध तुटलेला खेळाडू "मागून कोणीतरी लाथ मारली" असे सांगतो. त्याला पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलत नाही. एवढी साधी परीक्षा कोणत्याही चिकित्सालयात करता येते.

जानु हे मर्म वैकल्यकर मानले असून त्याच्या आघाताने खंजता येते, असे शास्त्र सांगते. असा गुडघा पाहिल्यावर पाय आधार देऊन स्थिर करावा, त्यावर भार देऊ नये, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ ठेवावा आणि रुग्णास त्वरित पुढे पाठवावे. नाडी, संवेदना वा उघडी जखम याबाबत शंका असल्यास एका तासाचाही विलंब नको. ओरोसचे शासकीय रुग्णालय असो वा पुढे बांबोळी किंवा कोल्हापूर असो, प्रवासाचा वेळही त्या सहा-आठ तासांतच धरावा लागतो.

पुढील काही महिने

तुटलेल्या एसीएलच्या जागी रुग्णाच्याच शरीरातील स्नायुबंध बसविला जातो. बसविल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत हा नवा बंध आधी दुर्बल होतो आणि मग हळूहळू दृढ होतो. नेमक्या याच काळात वेदना आणि सूज गेलेली असते आणि खेळाडूला आपण बरे झालो असे वाटते. शल्यतज्ज्ञाची खरी चिंता येथे सुरू होते. नॉर्वेतील एका अभ्यासात (२०१६) असे दिसले की, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावरील पुनरागमन जितके महिने लांबविले, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा इजा होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. केवळ महिने मोजूनही भागत नाही. मांडीच्या पुढील स्नायूंचे बल निरोगी पायाच्या किमान ९० टक्के झाले आहे काय, हे मोजून पाहावे लागते.

क्रिकेटपटू ऋषभ पंतच्या उजव्या गुडघ्याला ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात गंभीर इजा झाली. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी शस्त्रक्रिया केली आणि पंत मार्च २०२४ मध्ये स्पर्धात्मक क्रिकेटमध्ये परतला. शस्त्रक्रियेला काही तास लागले, पण पुनरागमनास चौदा महिने.

सुश्रुताचार्यांनी भग्नाच्या स्थैर्यास तारुण्यात एक, मध्यम वयात दोन व वार्धक्यात तीन महिने सांगितले आहेत. तळहाताच्या भग्नात प्रथम मातीचा गोळा, नंतर मीठ आणि बल आल्यावर दगड धरावयास सांगितला आहे. भार क्रमाक्रमाने वाढवीत बल आणण्याचे हेच तत्त्व आजच्या पुनर्वसनशास्त्राचा पाया आहे. शस्त्रक्रियेनंतर शल्यतज्ज्ञाच्या संमतीने अभ्यंग, मृदू स्वेदन, अग्नी सांभाळून बृंहण आहार आणि निद्रेची काळजी या सर्व बाबतींत वैद्याला मोठा वाव आहे. लाक्षादि गुग्गुळ वा अस्थिशृंखलेचा विचारही येथेच करावा. मात्र पूर्ण तुटलेल्या एसीएलमुळे गेलेली स्थिरता गुग्गुळकल्पांनी परत येते, असे आश्वासन कोणीही देऊ नये.

औषधालयांसाठी इशारा

स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूची उत्तेजक चाचणी होऊ शकते आणि शरीरात सापडलेल्या द्रव्याची जबाबदारी त्याचीच मानली जाते. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे स्पर्धाकाळात निषिद्ध आहे. म्हणजे वेदनेसाठी सहज दिली जाणारी विषतिंदुक वटी आणि अग्निमांद्यावरील अग्नितुंडी वटी खेळाडूला देण्यापूर्वी थांबून विचार केला पाहिजे. भांग असलेले जातीफलादि चूर्ण आणि एफेड्रायुक्त कल्प यांनाही हेच लागू. २०११ मध्ये भारतीय महिला रिले धावपटू चाचणीत दोषी ठरल्या, तेव्हा त्यांनी जिनसेंगच्या गोळ्यांकडे बोट दाखविले, पण बंदी टळली नाही. घटक न छापलेली "ताकदीची" पुडी खेळाडूच्या हाती देणे म्हणजे त्याचे करिअर पणाला लावणे होय. "तुम्ही स्पर्धेत खेळता का?" हा प्रश्न प्रत्येक औषधालयात विचारला जावा.

अशा रुग्णास पुढे पाठविताना चिठ्ठीवर इजेची वेळ, इजा कशी झाली, नाडी व संवेदना, बांधलेला बंध आणि दिलेली औषधे यांची नोंद अवश्य करावी. पाच ओळींच्या या चिठ्ठीने शल्यतज्ज्ञाचा मौल्यवान वेळ वाचतो, आणि वेळेत पाठविलेला तो तरुण बलसंवर्धनासाठी पुन्हा आपल्याच चिकित्सालयाची पायरी स्वतःच्या पायाने चढतो.