चुलीचा वैल आणि विजेचा हिशेब

महोत्सवाच्या स्मरणिकेत चूल, दिवे आणि मोरीच्या पाण्याचा विषय कशाला, असे काही वाचक बंधुभगिनींस वाटेल. परंतु मंचेरियलकरांनी तरी तो परका मानू नये. श्रीरामपूर, मंदमर्री, बेल्लमपल्ली या आपल्या शेजारच्या गावांतून सिंगरेनीचा कोळसा निघतो. 2016 साली जयपूरला 1200 मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र सुरू झाले. खाणीत पाळीवर उतरणारा माणूस ओळखीत नाही, असे घर येथे विरळाच.

कोळशावर एक युनिट वीज तयार करावयास साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो. हा आकडा आम्हांस पुस्तकात समजला, पण पटला तो स्वतःच्या फजितीने. एकदा मोटार बंद करावयाची आम्ही विसरलो आणि टाकी तीन तास वाहत राहिली. एक अश्वशक्तीची मोटार तीन तासांत दोन युनिटांहून अधिक वीज खाते. म्हणजे कोणीतरी भुईच्या पोटातून काढलेला दीड किलो कोळसा आम्ही पाण्यासह गटारात सोडला. शेजारच्या काकूंनी ओरडून सांगितले नसते, तर आणखी सोडला असता.

आपल्या आजीला हे आकडे ठाऊक नव्हते. हिशेब मात्र पक्का ठाऊक होता. चुलीला वैल असे. मुख्य चुलीवर भाकरी होई, तेव्हा बाजूने निघणाऱ्या आचेवर वैलावर वरण शिजत राही. निखारे उरले की त्यांवर दूध तापे, आणि राखेने भांडी निघत. गॅसच्या शेगडीला वैल नाही, म्हणून ती अक्कल आता आपण वापरावयाची. उघड्या भांड्यातील पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळते; त्यानंतर ज्योत कितीही मोठी केली तरी ते अधिक तापत नाही, फक्त वाफ अधिक होते. म्हणून उकळी फुटली की आच बारीक करावी व झाकण ठेवावे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत चढते, म्हणूनच डाळ लवकर शिजते. ती आधी अर्धा तास भिजविली तर आणखी लवकर. शिट्ट्यांचा गजर म्हणजे स्वयंपाक जोरात चालला, हा समज मात्र खोटा. पहिल्या शिट्टीनंतर ज्योत बारीक केली तरी दाब टिकतो.

उरल्या पोळीचा कुस्करा आणि भाताला फोडणी, हे सांगावयास नको. जुन्या लुगड्यांच्या वाकळी आता कमी शिवल्या जातात, याचे आम्हांस वाईट वाटते. मोरीच्या पाण्यावर अळू व केळ लावण्याची रीतही बंगल्यांतून गेली. तांदळाचे धुवण तरी कुंडीत घालावे.

दिव्यांविषयी थोडक्यात: 60 वॉटचा जुना बल्ब सुमारे 17 तासांत एक युनिट घेतो, 9 वॉटचा एलईडी 111 तासांत. राहिला आपला उन्हाळा. पारा 45 अंशांकडे चढतो, तेव्हा वातानुकूलन यंत्राविरुद्ध उपदेश करण्याचे धैर्य आमच्यात नाही. केंद्रीय ऊर्जा दक्षता ब्युरोच्या सांगण्याप्रमाणे दर अंश वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते. आमच्या घरी तडजोड 26 अंशांवर झाली आहे, सोबत छताचा पंखा. मुले अधूनमधून गुपचूप आकडा खाली आणतात. आजी तो पुन्हा वर नेते.