साठीनंतरची पाटी-पेन्सिल



उन्हाळ्यात कामानिमित्त पुण्याला गेलात, तर मार्केट यार्डातलं काम आटपल्यावर लगेच परतीची एस.टी. पकडू नका. संध्याकाळी टिळक रस्त्यावरच्या टिळक स्मारक मंदिरात जरा डोकावून या. एप्रिल-मे महिन्यांत तिथं वसंत व्याख्यानमाला भरते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ती सुरू केली. कानाला हात लावून ऐकणारी, वहीत टिपून घेणारी कितीतरी पांढऱ्या केसांची माणसं तिथं दिसतील. त्यांना ना परीक्षा द्यायची, ना नोकरी मिळवायची. तरी येतात. व्याख्यान संपलं की चार ओळखीचे भेटतात, वाद घालतात आणि घरी जातात.

आता आपल्या गावचा पार आठवा. माणसं तिथंही बसतात, सोबतही असते. पण नवं काही कानावर पडतं का? शेती पोराच्या हाती गेली की म्हाताऱ्याला कोणी विचारत नाही. म्हातारी तर पारावरही येऊ शकत नाही. तिचा दिवस चूल आणि गोठा यातच जातो.

वांगी जळाली त्याची गोष्ट

माझ्या भागातले एक आबा, वय सत्तरीच्या पुढं. मुलगा पुण्यात कंपनीत. आबांनी वांग्यावर शेंडेअळीचं औषध मारलं आणि चार दिवसांत सगळा प्लॉट करपला. बाटली बघितली तर ती तणनाशकाची! दोन्ही बाटल्या सारख्याच दिसायच्या. आबा म्हणाले, "साहेब, वांग्याचं काही नाही हो. पण अक्षर येत नाही म्हणून घात झाला, हे पोराला कोणत्या तोंडानं सांगू?" त्यानंतर दोन महिने ते आमच्या बैठकीला फिरकले नाहीत. नुकसान पिकाचं झालं, पण तुटली ती माणसाची उठबस.

औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. पण रंग फक्त विषाची तीव्रता सांगतो. औषध तणाचं की किडीचं, ते कळायला अक्षरच लागतं. शिवाय बँकेचा कागद, सातबारा, फोनवर येणारा ओटीपी आहेच. अंगठा कशावर उमटवतो हे ज्याला कळत नाही, त्याला कोणीही फसवतं.

आजीबाई शाळेत गेल्या

'या वयात काय शिकायचं?' असं म्हणणाऱ्यांनी ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावाचं उदाहरण बघावं. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीनं तिथं आजीबाईंची शाळा सुरू केली. पोथी आपल्याला वाचता येत नाही, ही तिथल्या म्हाताऱ्या बायकांची खंत होती. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या सुमारे तीस आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर-पाटी घेऊन शाळेत येऊ लागल्या. शिकवायला गावातलीच सून. वेळ दुपारची, घरकाम उरकल्यानंतरची. वेळ सोयीची, जागा जवळची आणि शिकवणारं माणूस घरचं, म्हणून ती शाळा चालली.

पुण्याजवळ हिंगण्याला काम उभं करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे यांनीही वयाकडे बघितलं नाही. १९३६ साली, वयाच्या ७८व्या वर्षी, लोकल बोर्डाची शाळा नसलेल्या खेड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी मंडळ स्थापन केलं. खेड्यातल्या प्रौढांचं वाचन सुटू नये, हीही त्यांची खटपट होती. पुढं ते १०४ वर्षं जगले.

आपल्या गावात काय करता येईल?

सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक मंडळींनी मनावर घेतलं तर खर्च फारसा नाही.

पहिलं, डोळे आणि कान तपासून घ्या. मोतीबिंदू असेल तर पाटी दिसणार कशी? सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया मोफत होते. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस हळूहळू चारचौघांतून उठून जातो. ऐकू न येणं, नजर अधू होणं आणि एकटेपणा यांमुळं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असं आता डॉक्टरही सांगतात.

दुसरं, आठवड्यातून दोन दिवस, दुपारी दोन तास, शाळेची खोली किंवा देवळाचा सभामंडप द्या. बायकांना सोयीची वेळ बायकांनाच विचारा.

तिसरं, केंद्र सरकारचा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या काळासाठी आहे. १५ वर्षांवरील कोणालाही त्यात शिकता येतं आणि शिकवायला गावातलेच स्वयंसेवक असतात. शाळेत चौकशी करा.

चौथं, नुसतं शिकवू नका, त्यांच्याकडून शिकाही. घरचं बी राखेत कसं ठेवायचं, कोणत्या विहिरीचं पाणी कधी आटतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? दर वेळी अर्धा तास त्यांना बोलू द्या. ज्याचं ऐकलं जातं, तो पुन्हा येतो.

आबांचं पुढं काय झालं, ते सांगतो. चौथीतल्या नातीनं बाटल्यांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. एकीवर 'तण', दुसरीवर 'कीड'. तणनाशकाचा पंपही आता वेगळा ठेवलाय. आबांना हे दोन शब्द आणि स्वतःचं नाव, एवढंच वाचता येतं. पण परवाच्या बैठकीला ते पुढच्या रांगेत बसले होते आणि जवळच्या पोराला बाटलीवरचं दाखवत होते.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. खडूची पेटी आणायला वेगळा ठराव लागत नाही.