लाळग्रंथी सुजते तेव्हा

मोठ्या लाळग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि अरुंद नलिकांतून तोंडात उतरते. ग्रंथी सुजली की पहिला प्रश्न असतो तो या वाटेचा.

कानापुढच्या ग्रंथीची नलिका 1660 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला निकोलस स्टेनो या बावीस वर्षांच्या डॅनिश विद्यार्थ्याला सापडली. मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्याची सळई एका पोकळीतून सरकत थेट दातांवर वाजली. गुरू ब्लासियस यांनी आधी ही सळईचीच करामत म्हणून हसण्यावारी नेली आणि पुढे शोधावर स्वतःचाच हक्क सांगितला. नलिकेला नाव मात्र स्टेनोचे मिळाले. खडकांचे थर वाचून भूविज्ञानाचा पाया घालणारा स्टेनो तो हाच! लाळेतले खडे मात्र सहसा त्याच्या नलिकेत होत नाहीत.

सुमारे 80 टक्के खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. तिची लाळ दाट व कॅल्शियमयुक्त असते आणि नलिका लांब, वर चढणारी. जेवायला बसताच सूज व कळ येते, नंतर ओसरते. सोनोग्राफीत बहुतेक खडे दिसतात. भरपूर पाणी, शेक, हलका मसाज आणि लिंबासारखे आंबट यांनी लहान खडा निघूनही जातो. अडकलेला खडा तोंडातून छेद घेऊन किंवा जेमतेम मिलिमीटरभर जाडीच्या दुर्बिणीने काढतात.

ताप येऊन एक किंवा दोन्ही गाल फुगले तर गालगुंडाचा संशय येतो. तो विषाणूचा आजार असल्याने प्रतिजैविके निरुपयोगी. विश्रांती आणि पातळ आहार पुरतो. एमएमआर लस त्यापासून संरक्षण देते. एकाच बाजूची लाल, दुखरी सूज आणि नलिकेतून पू ही जिवाणूंची खूण. शरीरातले पाणी घटून लाळ आटली की ते तोंडातून वर चढतात. गोळी लागून अंथरुणाला खिळलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना 1881 मध्ये हेच झाले होते. इथे प्रतिजैविके आणि पुरेसे पाणी दोन्ही लागतात.

वारंवार सूज आणि सोबत डोळे-तोंड कोरडे असल्यास श्योग्रेनच्या आजारासाठी रक्त तपासतात.

न दुखता सावकाश वाढणारी गाठ वेगळी. कानापुढच्या बहुतेक गाठी साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी कर्करोगाची शक्यता जास्त. सोनोग्राफीनंतर सुईने पेशी घेऊन तपासतात. कानापुढच्या ग्रंथीतूनच चेहऱ्याची नस जाते. त्यामुळे गाठीसोबत चेहरा वाकडा होणे हे धोक्याचे लक्षण ठरते आणि शस्त्रक्रियेत ती नस जपणे हे सर्वांत नाजूक काम असते.