रानबटाट्याचे देणे

क्षयाची बाधा झाल्यामुळे लंडनच्या एका रुग्णालयातील विकृतिशास्त्राचे काम सोडून हर्टफर्डशायरमधील बार्ली या खेड्यात येऊन राहिलेल्या डॉ. रेडक्लिफ सॅलमन यांनी, मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम नुकतेच पुनश्च उजेडात आले असताना, १९०६ च्या सुमारास आपल्या बागेत बटाट्याच्या संकराचे प्रयोग आरंभले. पुढे रानटी बटाट्याच्या संततीतील रोपे करप्याने एकामागून एक काळी पडत असता त्यांतील मोजकी मात्र हिरवी राहिली. आणि रोगाला तोंड देण्याचे सामर्थ्य हेही फुलाच्या रंगाप्रमाणे वंशपरंपरेने उतरते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तेव्हापासून आजतागायत चालत आलेल्या उद्योगाचा इतिहास पाहिला म्हणजे एक निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो: प्रतिकाराचे जनुक हे वतन नव्हे, तो मुदतीचा पट्टा आहे, आणि ती मुदत किती लांबवायची हे पुष्कळसे आपल्याच वर्तनावर अवलंबून असते.

बटाट्याचे पीक बियांपासून नव्हे, तर डोळे असलेल्या कंदांपासून घेतले जात असल्यामुळे एका वाणाचे शेत म्हणजे वस्तुतः एकाच झाडाची असंख्य रूपे होत. जे एकास मारक ते सर्वांस मारक. १८४५ साली युरोपात करपा पसरला तेव्हा आयर्लंडमधील गोरगरिबांचा आधार असलेला ‘लंपर’ हा वाण याच कारणाने पाहता पाहता भुईसपाट झाला, आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, तर तितकीच किंवा त्याहून अधिक देशोधडीला लागली. उपासमारीच्या कारणांत राज्यकर्त्यांच्या धोरणाचा वाटा मोठा होता हे खरे. परंतु पीक बुडाले ते एका सूक्ष्म जीवामुळे, असे माइल्स बर्कली यांनी १८४६ मध्ये प्रतिपादन केले, आणि जर्मन शास्त्रज्ञ अँटन द बारी यांनी ते पुढे प्रयोगाने सिद्ध करून १८७६ मध्ये त्या जीवाला ‘फायटॉफ्थोरा इन्फेस्टन्स’ हे आज रूढ असलेले नाव दिले.

व्यवहारात आपण त्याला बुरशी म्हणतो. परंतु त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते आणि नात्याने तो तपकिरी शैवालांना जवळचा आहे. ढगाळ, गार व दमट हवेत रोगट पान पहाटे उलटून पाहिले, तर काळपट डागाच्या कडेने पांढुरक्या लवेची एक बारीक किनार दिसते. त्या लवेवरील बीजाणुधानी वाऱ्याने उडून दुसऱ्या ओल्या पानावर पडली, की तिच्यातून दोन-दोन कशाभिका असलेले बीजाणू बाहेर पडून दवाच्या थेंबात पोहू लागतात, एके ठिकाणी स्थिरावतात, पानाची त्वचा भेदतात आणि पेशीला चिकटलेल्या शोषकांगातून आपली प्रथिने आत सोडतात. ही प्रथिने वनस्पतीची संरक्षणव्यवस्था मोडून काढतात. प्रतिकारक वाणात मात्र अशा एखाद्या प्रथिनाची ओळख पटवणारे प्रथिन आधीच पेशीत हजर असते. ते इशारा देते आणि रोगाने गाठलेली पेशी तत्काळ स्वतःच मरून जाते, ज्यामुळे जिवंत पेशीवर पोसणाऱ्या आक्रमकाची उपासमार होते. बाहेरून पाहणाऱ्याला पानावर एवढासा तपकिरी ठिपका दिसतो.

ही ओळख पटवणारी जनुके प्रथम मिळाली ती मेक्सिकोतील ‘सोलॅनम डेमिसम’ या रानबटाट्यात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून स्कॉटलंड, जर्मनी व इतर देशांतील पैदासकारांनी ती लागवडीच्या बटाट्यात उतरवली, आणि त्यांना आर१ पासून आर११ पर्यंत क्रमांक देण्यात आले. तथापि प्रत्येक नवा वाण शेतात रुजतो न रुजतो, तोच त्याला भेदणारी करप्याची नवी जात प्रकट होई. जवसाच्या तांबेऱ्यावर काम करणाऱ्या हॅरॉल्ड फ्लॉर यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिले, की यजमानाच्या प्रत्येक प्रतिकारक जनुकास परजीवीतील एकेक जनुक जुळलेले असते. परजीवीतले ते एक बदलले की यजमानातले निकामी होते. करप्याचा जनुकसंच २००९ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा या चपळाईचे मर्म कळले. सुमारे २४ कोटी अक्षरांच्या त्या संचाचा तीन-चतुर्थांश भाग पुनरुक्त मजकुराचा असून, आक्रमक प्रथिनांची जनुके नेमकी त्या अस्थिर प्रदेशांत वसलेली आहेत, जिथे उलथापालथ सतत चालू असते. त्यात मेक्सिकोबाहेर दीर्घकाळ एकाच लिंगप्रकाराचा अंमल होता. १९८० च्या दशकात दुसराही युरोपात आढळला, आणि संकरातून नवनव्या जाती उपजण्याची शक्यता वाढली.

दक्षिण आफ्रिकेचे व्हॅन डर प्लँक यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात याहून गंभीर धोका निदर्शनास आणला. एकाच प्रबळ जनुकाच्या आश्रयाने पैदास करताना, अनेक लहान जनुकांच्या जोरावर रोगाचा वेग मंदावणारा जो सर्वसाधारण प्रतिकार असतो, तो नकळत हरवून जातो. आणि प्रबळ जनुक कोसळल्यावर तो वाण जुन्या वाणांहूनही दुबळा ठरतो.

आपल्याकडचा अनुभव निराळा नाही. १९४९ मध्ये पाटण्यास स्थापन होऊन पुढे सिमल्यास हलवण्यात आलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९६८ मध्ये प्रसृत केलेला ‘कुफरी ज्योती’ आरंभी करप्याला दाद देत नसे. कालांतराने पहाडी मुलखात तो त्यास बळी पडू लागला, आणि २००६ मध्ये ‘कुफरी हिमालिनी’ व २००८ मध्ये ‘कुफरी गिरधारी’ पुढे आणावे लागले. पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावर पावसाळी बटाटा घेणाऱ्या शेतकऱ्याला या वंशावळींशी कर्तव्य नसते; त्याला पंजाबातून आलेले बेणे, झडीचे दिवस आणि फवारणीचा खर्च यांचा मेळ घालायचा असतो. परंतु त्याची फवारणी कमी होणार की वाढणार, हे ठरते ते याच वंशावळींत.

डेमिसमची पुंजी आटत चालल्यावर संशोधकांची दृष्टी वळली ती ‘सोलॅनम बल्बोकॅस्टॅनम’ या मेक्सिकोतल्याच दुसऱ्या रानजातीकडे, जिचे पान बटाट्यासारखे संयुक्त नसून अखंड असते, आणि जी करप्याच्या माहेरघरातही टिकून राहते. अडचण अशी, की लागवडीच्या बटाट्यात गुणसूत्रांचे चार संच, तर हिच्यात दोनच. थेट संकर केल्यास बी धरत नाही. म्हणून डच संशोधकांनी प्रथम तिचा ‘अकॉले’ जातीशी, त्या संततीचा ‘फुरेजा’शी, आणि मग बटाट्याशी संकर केला. अशा द्राविडी प्राणायामातून ‘टोलुका’ व ‘बायोनिका’ हे वाण बाजारात यायला चाळीसहून अधिक वर्षे लागली.

२००३ मध्ये अमेरिका व नेदरलंड्स येथील दोन स्वतंत्र गटांनी या जातीतील एक जनुक वेगळे काढले, तेव्हा हा लांबचा वळसा टळला. कारण जनुक सरळ प्रस्थापित वाणात घातले, तर त्या वाणाची चव, रंग व साठवणक्षमता अबाधित राहते. याच जनुकाचा उपयोग करून सिमल्याच्या संस्थेने ‘कुफरी ज्योती’चा परजनुकीय अवतार चाचणीपर्यंत नेला. लिमा येथील आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राने युगांडातील ‘व्हिक्टोरिया’ या वाणात रानबटाट्यांची तीन जनुके एकत्र बसवली आहेत. तिन्ही पहारे एकाच वेळी चुकवण्यास करप्याला एकाच वेळी तीन बदल साधावे लागतात, आणि त्याची शक्यता फारच थोडी. उलटपक्षी, दोन जनुकांचा ‘फोर्चुना’ हा वाण परवान्याच्या वाटेवर असतानाच २०१३ मध्ये एका जर्मन कंपनीने युरोपातील विरोध लक्षात घेऊन गुंडाळून ठेवला. तिसरा मार्ग जनुकसंपादनाचा. परजीवीला अप्रत्यक्ष मदत करणारी काही जनुके वनस्पतीतच असतात. ‘डीएमआर६’ नावाचे असे एक जनुक निष्क्रिय केल्यावर बटाट्याची करप्याला बळी पडण्याची प्रवृत्ती घटल्याचे दिसले आहे. परके जनुक शिल्लक न राहणाऱ्या अशा संपादित वनस्पतींना भारत सरकारने २०२२ मध्ये जैवसुरक्षेच्या १९८९ च्या नियमांतील काही कलमांतून सूट दिली, त्यामुळे या मार्गास आपल्याकडे वाव आहे.

परंतु यांपैकी कोणताही मार्ग स्वीकारला तरी मुदतीचा प्रश्न सुटत नाही. जनुके एकेकटी सोडली तर करपा ती एकेक करून निकामी करील. म्हणून एकाकी जनुकाचा वाण शेतकऱ्याच्या हाती देणे ही घाई महागात पडणारी आहे, मग तो संकराने आलेला असो वा प्रयोगशाळेतून. जनुकांचे गट करावेत, त्यांच्यासह व्हॅन डर प्लँक यांना अभिप्रेत असलेला मंद प्रतिकारही पैदाशीत राखावा, करप्याच्या कोणत्या जाती कोठे फिरत आहेत याची जिल्हावार नोंद ठेवावी, आणि फवारणी एकदम सोडून न देता हवामान पाहून करावी. रानबटाट्यांचे संग्रह सांभाळणाऱ्या संस्थांना निधी देताना हात आखडता घेणारी सरकारे भावी पिढ्यांच्या पट्ट्यांचे नूतनीकरणच नाकारत असतात. कारण पुढचे जनुक कोणत्या रोपात दडले आहे, हे ते रोप जिवंत असेपर्यंतच शोधता येते.