थंड हवेच्या भाज्या: कैद्यांच्या वाफ्यापासून कुलूच्या बियाण्यापर्यंत

भायखळ्याची भाजीमंडई आणि राणीचा बाग यांच्या शेजारी वसलेल्या घोडपदेवच्या चाळींत कोबी, फ्लॉवर आणि बटाटा आज बारमाही शिजतात. परंतु ही पिके मुळात थंड हवामानाची असल्यामुळे मुंबईच्या दमट उकाड्यात ती धड वाढत नाहीत. पश्चिम भारताच्या ज्या कृषी व उद्यानविद्या संस्थेने शिवडीतील आपली बाग हलवून 1862 मध्ये राणीचा बाग उभा केला, तिने परदेशी वनस्पती येथे रुजवण्याचे प्रयत्न केले खरे, तथापि विलायती भाज्यांना मानवणारी हवा सह्याद्रीच्या माथ्यावरच होती.

गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या पुढाकाराने वसलेल्या महाबळेश्वरी 1834 च्या सुमारास तुरुंग बांधला गेला, आणि तेथे ठेवलेल्या चिनी व मलायी कैद्यांनी 1864 मध्ये तो बंद होईपर्यंत बटाटा आणि इतर विलायती भाज्यांची लागवड रुजवली. बाजारपेठेला गव्हर्नरांचे ‘माल्कमपेठ’ हे नाव मिळाले, मात्र ज्यांच्या हातांनी वाफे तयार झाले त्या कैद्यांची आठवण कोणत्याही पेठेच्या नावात उरली नाही, ही या इतिहासातील मोठीच उणीव होय.

पुढचा पेच बियाण्याचा होता. कोबी हे द्विवर्षायू पीक आहे, म्हणजे पहिल्या हंगामात त्याचा गड्डा भरतो आणि दुसऱ्या हंगामात फुलोरा येतो. पण फुलोऱ्यासाठी रोपाला कित्येक आठवडे कडक थंडी सोसावी लागते, ज्याला शीतसंस्कार म्हणतात. नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात गड्डा उत्तम पोसतो, तरी हा संस्कार पुरा होत नाही. फाळणीपूर्वी अशा बियाण्यासाठी क्वेट्टा हे महत्त्वाचे केंद्र होते. ते पाकिस्तानात गेल्यावर 1949 मध्ये कुलू खोऱ्यातील कतराईन येथे भाजीपाला पैदास केंद्र सुरू झाले, आणि दख्खनच्या गड्ड्याची नाळ हिमालयाशी जोडली गेली. पुढे ‘पुसा दीपाली’सारख्या फ्लॉवरच्या लवकर तयार होणाऱ्या वाणांना एवढ्या थंडीची गरज उरली नाही, त्यामुळे त्यांचे बियाणे मैदानातही धरता येऊ लागले.

बटाट्याचे अवलंबित्व मात्र टिकून आहे. विषाणुरोग पसरवणारा मावा उत्तरेच्या थंडीत कमी असतो, म्हणून निरोगी बेणे, म्हणजे लागवडीचा कंद, तेथे मिळते. आंबेगाव-खेडमधील सातगाव पठारावर खरिपात लावला जाणारा बटाटा आजही मंचरच्या बाजारात उतरणाऱ्या पंजाबी बेण्यावर अवलंबून आहे.